पोकर : हौशी खेळ व त्यातील चढउतार

पोकर हा पत्त्यांवर पैसे किंवा पैशांऐवजी चकत्या लावून खेळावयाचा खेळ आहे. साधारणतः दोन ते दहा खेळाडू तो खेळतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो उदयास आला व तेथून जगभर पसरला. पोकरचा जन्म जुगारात झाला असला, तरी त्याचा विस्तार मुख्यत्वे हौशी खेळाडूंमुळे झाला. ज्याची उपजीविका अन्य व्यवसायावर चालते आणि जो करमणूक, मित्रमंडळींचा सहवास किंवा बुद्धीची कसोटी म्हणून पोकर खेळतो, तो हौशी खेळाडू होय. पोकरमध्ये एकाची जिंक ही दुसऱ्याची हार असते. खेळातून नवे धन निर्माण होत नाही. त्यामुळे व्यावसायिक खेळाडूंचे उत्पन्न आणि खेळगृहांचा नफा हे दोन्ही अखेर हौशी खेळाडूंच्याच खिशातून येतात. या वर्गाचा इतिहास हा म्हणूनच पोकरच्या इतिहासाचा मध्यवर्ती भाग ठरतो.

खेळाचे स्वरूप : पोकर बावन्न पत्त्यांच्या जोडाने खेळतात. पाच पत्त्यांच्या संचाची प्रतवारी ठरलेली असून जो संच जितका दुर्मिळ, तितका तो श्रेष्ठ. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे संच होऊ शकतात. त्यांपैकी एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी असलेले सर्वोच्च संच फक्त ४ आहेत. एकाच किमतीची चारही पाने असलेले संच ६२४, तीन समान व दोन समान अशी जुळणी असलेले ३,७४४, तर केवळ एक जोडी असलेले १०,९८,२४० आहेत. कोणतीही जुळणी नसलेले संच १३,०२,५४० म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक भरतात. दर दोन हातांपैकी एक हात अशा रीतीने रिकामाच येतो, ही गोष्ट नवख्या खेळाडूच्या सहसा ध्यानात नसते.

पत्ते वाटल्यावर खेळाडू पाळीपाळीने पैसे लावतात. लावलेल्या रकमेला उत्तर देणे, ती वाढविणे किंवा पत्ते टाकून डाव सोडणे असे तीन पर्याय प्रत्येकापुढे असतात. अखेरीस दोघे वा अधिक खेळाडू उरले, तर पत्ते उघडून श्रेष्ठ संच असलेल्यास मध्ये जमलेली सर्व रक्कम मिळते. इतर सर्वांनी डाव सोडला, तर उरलेल्या एकट्यास पत्ते न दाखवताच ती रक्कम घेता येते. हलके पत्ते असताना मोठी रक्कम लावून प्रतिस्पर्ध्यास हूल देण्याची जी युक्ती पोकरमध्ये प्रसिद्ध आहे, ती या नियमातून उद्भवली. पोकरचे इतर पत्त्यांच्या खेळांहून असलेले वेगळेपण यातच आहे. येथे पत्त्यांइतकेच त्यांविषयी इतरांचा झालेला समज महत्त्वाचा असतो.

पोकरचे अनेक प्रकार आहेत. प्रत्येकास पाच पत्ते झाकून देऊन त्यांतील काही बदलून घेण्याची मुभा असलेला ‘ड्रॉ’ आणि काही पत्ते उघडे व काही झाकलेले ठेवणारा ‘स्टड’ हे जुने प्रकार होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार सर्वाधिक लोकप्रिय झाला. यात प्रत्येकास दोन पत्ते झाकून मिळतात व पाच पत्ते टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी मध्ये उघडले जातात. या सातांतून प्रत्येकाने आपला सर्वोत्तम पाच पत्त्यांचा संच धरावयाचा असतो.

उगम व प्रसार : पोकरच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इराणमधील ‘आस नास’ या खेळापासून तो आला, असे मत पूर्वी मांडले जाई. अलीकडील अभ्यासकांना ते ग्राह्य वाटत नाही. फ्रान्समधील ‘पोक’, जर्मनीतील ‘पोखेन’ आणि इंग्लंडमधील तीन पत्त्यांचा ‘ब्रॅग’ या खेळांशी पोकरचे नाते अधिक जवळचे दिसते. फ्रेंच वसाहतीचा वारसा असलेल्या न्यू ऑर्लीन्स शहरात या खेळांचे मिश्रण होऊन पोकर घडला असावा. आरंभी तो वीस पत्त्यांनी खेळला जाई. चार खेळाडूंना पाच-पाच पत्ते वाटले, की जोड संपे. इंग्रज नट जोसेफ काउएल याने १८२९ मध्ये लुइव्हिलहून न्यू ऑर्लीन्सला जाणाऱ्या आगबोटीवर पाहिलेल्या पोकरचे वर्णन आपल्या १८४४ मधील आठवणींत केले आहे. पुढे बावन्न पत्त्यांचा वापर रूढ झाल्यावर अधिक खेळाडूंना एकत्र बसता येऊ लागले व पत्ते बदलून घेण्याची सोयही झाली.

मिसिसिपी नदीवरील आगबोटी ही पोकरची पहिली मोठी शाळा होती. कापसाचे पैसे घेऊन परतणारे मळेवाले, व्यापारी व प्रवासी हे तेथील हौशी खेळाडू, तर खुणा केलेले पत्ते व साथीदार बाळगणारे ठक हे व्यावसायिक. जोनाथन ग्रीन या पूर्वाश्रमीच्या जुगाऱ्याने १८४३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या फसवणुकीचा बोभाटा केला. लोकक्षोभ त्यापूर्वीच उसळला होता. जुलै १८३५ मध्ये मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे जमावाने पाच जुगाऱ्यांना फासावर लटकविले. अनोळखी माणसांशी खेळणारा हौशी खेळाडू हा पत्त्यांपेक्षा प्रामाणिकपणाच्या बाबतीत अधिक जोखीम पत्करतो, हा धडा पोकरच्या इतिहासात प्रारंभीच आढळतो. पुढे प्रत्येक नव्या माध्यमात तो पुन्हा गिरवावा लागला.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) दोन्ही बाजूंच्या छावण्यांत पोकर खेळला गेला आणि युद्धानंतर परतलेल्या सैनिकांनी तो गावोगावी नेला. रॉबर्ट शेंक हा ब्रिटनमधील अमेरिकेचा राजदूत असताना (१८७१–७६) त्याने इंग्लंडमधील स्नेह्यांसाठी लिहून दिलेले पोकरचे नियम तेथे छापले गेले. राजदूताने जुगाराचा प्रचार करावा, याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली.

घरगुती बैठका : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोकर हा आगबोटी व दारूच्या गुत्त्यांबरोबर मध्यमवर्गीय घरांतही खेळला जाऊ लागला. आठवड्यातील ठरलेल्या रात्री, ठरलेल्या घरी, पाच-सात परिचितांनी जमून थोड्या पैशांवर खेळावयाचे, ही प्रथा अमेरिकन समाजजीवनाचे एक अंग बनली. अशा बैठकांचे काही संकेत हौशी खेळाडूंना संरक्षण देणारे होते. डाव सुरू झाल्यावर मेजावर असेल तेवढीच रक्कम लावता येई. खिशातून नवी रक्कम काढून कोणी कोणाला दडपू शकत नसे. एका वेळी किती वाढवावयाचे, याला मर्यादा असे. शिस्तीच्या बैठकांत उधारी चालत नसे आणि उठण्याची वेळ आधीच ठरलेली असे. पत्ते वाटणाऱ्याने त्या डावाचा प्रकार निवडावा, ही प्रथाही रूढ होती.

सार्वजनिक जीवनातील अनेक व्यक्ती या बैठकांत रमल्या. राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांच्या पोकर खेळणाऱ्या मित्रमंडळाची चर्चा त्यांच्या कारकिर्दीत (१९२१–२३) बरीच झाली. हॅरी ट्रुमन हे पॉट्सडॅम परिषदेहून ऑगस्ट १९४५ मध्ये ‘ऑगस्टा’ या युद्धनौकेवरून परतताना वार्ताहरांबरोबर पोकर खेळले. जबाबदारी आपल्याशीच थांबते, अशा अर्थाची जी पाटी त्यांच्या मेजावर असे, तिच्यातील ‘बक’ हा शब्द पत्ते वाटण्याची पाळी दाखविणाऱ्या पोकरमधील खुणेवरून आला, असे सामान्यतः मानतात. रिचर्ड निक्सन यांनी दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना पोकरमध्ये मिळविलेल्या पैशांचा काही भाग आपल्या पहिल्या निवडणुकीसाठी वापरला.

घरगुती बैठकीचे अर्थकारण साधे असते. मेजाचे भाडे नसते व मध्यस्थाचा वाटा नसतो. जेवढे एक हरतो तेवढेच दुसरे जिंकतात आणि मंडळी तीच राहिल्याने पैसा बराचसा त्याच वर्तुळात फिरतो. व्यापारी खेळगृहात स्थिती बदलते. तेथे प्रत्येक डावातून अथवा तासागणिक ठरावीक आकार कापून घेतला जातो. समान कसबाचे नऊ खेळाडू अशा मेजावर दीर्घकाळ बसले, तर अखेर नऊही जण तोट्यात जातील व खेळगृह तेवढे नफ्यात राहील. इतरांहून किंचित सरस असणे येथे पुरत नाही. कापून जाणाऱ्या रकमेहूनही अधिक फरकाने सरस असावे लागते.

नशीब व कौशल्य : हौशी पोकरमधील चढउतारांचे मूळ नशीब व कौशल्य यांच्या विशिष्ट मिश्रणात आहे. बुद्धिबळात नवखा खेळाडू निष्णाताकडून जवळजवळ नेहमी हरतो. सोडतीत कौशल्याला वावच नसतो. पोकर या दोहोंच्या मध्ये पडतो. एका डावात नशीब प्रबळ असते, तर हजारो डावांत कौशल्य. होल्डेममध्ये दोन एक्के हाती येण्याची संभाव्यता २२१ डावांत एकदा असते. एवढा दुर्मिळ हात मिळूनही, दोन राजे असलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सर्व रक्कम लावल्यास सु. १८ टक्के वेळा तो हरतो. योग्य निर्णय घेऊन पैसे जातात व चुकीचा निर्णय घेऊन मिळतात, असा अनुभव यामुळे वारंवार येतो. इतर विद्यांत चुकीची शिक्षा तत्काळ मिळते व त्यातून माणूस शिकतो. पोकरमध्ये मात्र फळ आणि गुण यांची सांगड दीर्घकाळ लागत नाही.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. बैठकीत प्रथम सक्तीने लावावयाच्या मोठ्या रकमेस एक एकक मानू. एखादा खेळाडू आपल्या मंडळींहून सरस असून दर १०० डावांमागे सरासरी ५ एकके जिंकतो, असे समजू. रक्कम लावण्यावर मर्यादा नसलेल्या होल्डेममध्ये १०० डावांच्या निकालाचे मानक विचलन ८० एककांच्या आसपास धरणे वास्तवाला सोडून नाही. घरगुती बैठकीत तासाला सु. २५ डाव होतात. आठवड्यातून एकदा चार तास खेळले, तर वर्षाला सु. ५,००० व दोन वर्षांत १०,००० डाव भरतात. दोन वर्षांची अपेक्षित कमाई ५०० एकके, तर मानक विचलन ८०० एकके येते. याचा अर्थ असा, की हा सरस खेळाडू दोन वर्षे नियमित खेळूनही तोट्यात असण्याची संभाव्यता सु. २७ टक्के आहे. याच्या उलट, दर १०० डावांमागे ५ एकके गमावणारा कच्चा खेळाडू दोन वर्षांनंतर नफ्यात असण्याची संभाव्यताही तितकीच आहे. पहिला स्वतःला कमनशिबी किंवा अडाणी समजू लागतो, तर दुसरा निष्णात. हौशी खेळाडूंच्या बाबतीत अधिक नुकसान होते ते बहुधा दुसऱ्याचे. कारण दोन वर्षांच्या यशाच्या भरवशावर तो मोठ्या रकमांच्या मेजाकडे वळतो.

पोकरने गणितज्ञांनाही आकर्षित केले. एमिल बोरेल व जॉन फोन नॉयमान यांनी पोकरची सोपी प्रतिरूपे तपासली. फोन नॉयमान व ओस्कार मोर्गेनस्टर्न यांच्या १९४४ मधील खेळ सिद्धांतावरील ग्रंथात हूल देण्याचे गणिती विवेचन आहे. हूल ही केवळ लबाडी किंवा धाडस नसून योग्य प्रमाणात वापरल्यास ती निर्दोष डावपेचाचा आवश्यक घटक ठरते, असे त्यातून सिद्ध झाले. हूल कधीच न देणाऱ्या खेळाडूचे चांगले पत्ते प्रतिस्पर्धी सहज ओळखतो व वेळीच डाव सोडतो. कॅनडातील ॲल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोन खेळाडूंच्या, मर्यादित रकमेच्या होल्डेमची व्यवहारतः पूर्ण उकल केल्याचे जाहीर केले. कार्नेगी मेलन विद्यापीठात विकसित झालेल्या ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने जानेवारी २०१७ मध्ये १,२०,००० डावांच्या सामन्यात चार व्यावसायिकांवर मात केली. ‘प्लुरिबस’ या प्रणालीने २०१९ मध्ये सहा खेळाडूंच्या मेजावरही सरशी मिळविली.

स्पर्धा आणि हौशी खेळाडू : टेक्ससमधील रॉब्सटाउन हे गाव होल्डेमचे जन्मस्थान मानले जाते, त्या राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये तशी नोंदही केली. हा प्रकार १९६० च्या दशकात लास व्हेगसला पोहोचला. तेथील खेळगृहाचा मालक बेनी बिनियन याने १९७० मध्ये ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी मूठभर व्यावसायिकांनी आपसांत मतदान करून जॉनी मॉस याला विजेता ठरविले. पुढील वर्षापासून सर्वांनी सारख्या रकमेच्या चकत्या घेऊन एकच खेळाडू उरेपर्यंत खेळावयाची पद्धत आली. मुख्य स्पर्धेचे प्रवेशमूल्य १९७२ पासून १०,००० डॉलर झाले. बाद पद्धतीच्या या स्पर्धेचा एक गुण हौशी खेळाडूच्या दृष्टीने मोलाचा होता. आपण जास्तीत जास्त किती हरणार, हे त्यास आधीच ठाऊक असे.

एकूण ५४ जणांनी भाग घेतलेली १९७९ ची मुख्य स्पर्धा हॅल फाउलर याने जिंकली. ती जिंकणारा हा पहिला हौशी खेळाडू होय. पुढे अल्प शुल्काच्या पात्रता-स्पर्धा जिंकून मुख्य स्पर्धेत शिरण्याची सोय झाली व १९८३ मध्ये टॉम मकेव्हॉय हा अशा मार्गाने आलेला पहिला विजेता ठरला. याच सुमारास पोकरचे ज्ञानही खुले होऊ लागले. डॉइल ब्रन्सन याचा ‘सुपर सिस्टिम’ (१९७८) आणि डेव्हिड स्क्लान्स्की याचा ‘द थिअरी ऑफ पोकर’ (१९८७) या ग्रंथांनी व्यावसायिकांची गुपिते सामान्य वाचकांपर्यंत आणली. इंग्रज कवी व समीक्षक अल अल्व्हारेझ याच्या ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’ (१९८३) या पुस्तकाने पोकरला ललित साहित्यात स्थान मिळवून दिले. अमेरिकन लेखक जेम्स मॅकमॅनस हा २००० मध्ये एका मासिकासाठी या स्पर्धेचा वृत्तांत लिहिण्यास गेला असता स्वतःच तीत उतरला व पाचवा आला.

ग्रंथांच्या प्रसाराचा परिणाम दुहेरी झाला. अभ्यास करणाऱ्या हौशी खेळाडूची पातळी उंचावली. परंतु त्याचे प्रतिस्पर्धीही तेच ग्रंथ वाचत असल्याने त्याचा लाभ टिकला नाही. दहा वर्षांपूर्वी जिंकून देणारा खेळ पुढे बरोबरीत सोडविण्यासही अपुरा पडू लागला. यश हे निरपेक्ष कौशल्यावर नव्हे, तर समोर बसलेल्यांशी असलेल्या फरकावर अवलंबून असते, हे या खेळाचे व्यवच्छेदक लक्षण होय.

इंटरनेट व पोकरची लाट : खऱ्या पैशांवरील पहिले पोकर संकेतस्थळ १९९८ च्या आरंभी सुरू झाले. खेळाडूंचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखविणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे दूरचित्रवाणीवर पोकर पाहणे रंजक झाले. ब्रिटनमध्ये १९९९ पासून अशा कार्यक्रमाचे प्रक्षेपण होऊ लागले. या दोन्ही प्रवाहांचा संगम २००३ मध्ये झाला. टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर हा २७ वर्षांचा लेखापाल इंटरनेटवरील अल्प शुल्काच्या पात्रता-स्पर्धेतून मुख्य स्पर्धेत आला. त्याने ८३९ स्पर्धकांत पहिला क्रमांक पटकावून २५ लाख डॉलर मिळविले. अंतिम टप्प्यात सॅम फार्हा या मुरलेल्या व्यावसायिकास त्याने दिलेली हूल दूरचित्रवाणीवर असंख्य लोकांनी पाहिली. मुख्य स्पर्धेतील प्रवेशांची संख्या २००४ मध्ये २,५७६, २००५ मध्ये ५,६१९ व २००६ मध्ये ८,७७३ झाली. २००४ चा विजेता एकस्व कायद्याचा वकील होता, तर २००५ च्या विजेत्याने पूर्वी मणक्यांवर हस्तोपचार करण्याचा व्यवसाय केला होता. सामान्य नोकरदारास आपणही तेथे पोहोचू शकतो, असा विश्वास या उदाहरणांनी दिला.

या विश्वासात तथ्य होते, पण ते अपुरे होते. विजेत्यांची छायाचित्रे छापली जात. रिकाम्या हाताने परतलेल्यांची मोजदाद कोणी करीत नसे. अलीकडे मुख्य स्पर्धेत साधारणतः १५ टक्के स्पर्धकांना काही ना काही रक्कम मिळते. २०२४ मध्ये १०,११२ प्रवेश नोंदले गेले. याचा अर्थ, त्यांपैकी साडेआठ हजारांहून अधिकांचे प्रवेशमूल्य पूर्णतः गेले.

इंटरनेटने खेळाची गतीही बदलली. घरगुती बैठकीत रात्रभरात शंभर डाव होत. संगणकावर एकाच वेळी चार मेजांवर खेळणारा तासात अडीचशे-तीनशे डाव खेळू लागला. घरगुती बैठकीत वर्षभरात होणारे ५,००० डाव अशा रीतीने अठरा-वीस तासांत उरकू लागले. चांगल्या खेळाडूस आपले कौशल्य लवकर पडताळता आले, तसाच कच्च्या खेळाडूचा वर्षाचा तोटाही काही रात्रींत पुरा होऊ लागला. मित्रांसमोर हरताना वाटणारा संकोच, उठण्याची ठरलेली वेळ आणि उधारीला असलेली बंदी हे जुने लगाम एकांतातील पडद्यासमोर राहिले नाहीत.

फसवणुकीचा जुना प्रश्नही नव्या रूपात पुढे आला. प्रतिस्पर्ध्यांचे झाकलेले पत्ते आतून पाहू शकणाऱ्या खात्यांद्वारे खेळाडूंना लुबाडल्याची प्रकरणे २००७-०८ मध्ये दोन संकेतस्थळांवर उघडकीस आली. आकड्यांच्या नोंदी तपासून ती बाहेर काढण्यात खेळाडूंचाच वाटा मोठा होता. अमेरिकेने ऑक्टोबर २००६ मध्ये इंटरनेटवरील अवैध जुगारासाठी पैसे पोहोचविण्यास बंदी करणारा कायदा केला. १५ एप्रिल २०११ रोजी तीन मोठ्या संकेतस्थळांच्या चालकांवर आरोपपत्रे दाखल झाली. त्यांपैकी ‘फुल टिल्ट’ या संकेतस्थळाने खेळाडूंच्या ठेवी वेगळ्या राखल्या नसल्याचे पुढे निष्पन्न झाले. अनेक अमेरिकन खेळाडूंना आपले पैसे परत मिळू लागण्यास २०१४ साल उजाडावे लागले. जिंकलेली रक्कम हाती येईपर्यंत ती जिंकली असे म्हणता येत नाही, हा अनुभव मिसिसिपीवरील प्रवाशांप्रमाणे त्यांनीही घेतला.

भारतातील स्थिती : भारतात द्यूताची परंपरा प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात हरलेल्या जुगाऱ्याची व्यथा आली आहे, तर महाभारतातील द्यूतप्रसंग सर्वपरिचित आहे. पोकरचा जवळचा आप्त असलेला ‘तीन पत्ती’ हा खेळ इंग्रजी ‘ब्रॅग’पासून येथे रुजला असून दिवाळीच्या दिवसांत तो अनेक घरांत खेळला जातो. होल्डेमचा प्रसार मात्र २००३ नंतर दूरचित्रवाणी व इंटरनेट यांमुळे, विशेषतः महानगरांतील सुशिक्षित तरुणांत झाला.

राज्यघटनेनुसार पैजा व जुगार हा राज्यसूचीतील विषय असल्याने कायद्यांत एकवाक्यता राहिली नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविला. पोकरबाबत मात्र मतभिन्नता राहिली. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच असल्याचा निर्णय दिला. तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी व पोकर यांना नशिबाचे खेळ ठरविणारी तमिळनाडूच्या कायद्यातील तरतूद रद्द केली. गोव्यात १९७६ च्या कायद्यात १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन तारांकित हॉटेलांत व जहाजांवर परवानाधारक खेळगृहांस मुभा मिळाली. पणजीजवळ मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवरील मेजे हे देशातील हौशी पोकर खेळाडूंचे एक प्रमुख केंद्र बनले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये खेळगृहांसंबंधी केलेला कायदा कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ पुरविण्यास बंदी केली. शिक्षेच्या तरतुदी खेळाडूंना नव्हे, तर असे खेळ चालविणाऱ्यांना व त्यांचा प्रचार करणाऱ्यांना लागू आहेत. कौशल्य की नशीब, हा दीर्घकाळ न्यायालयांत गाजलेला भेद या कायद्याने ऑनलाइन खेळापुरता बाजूला सारला. खेळाचे स्वरूप काय, यापेक्षा त्यात सामान्य कुटुंबांचे किती पैसे जातात, हा प्रश्न विधिमंडळाला अधिक महत्त्वाचा वाटला.

मानसिक व सामाजिक अंगे : सलग पराभवांनी मनाचा तोल जाऊन खेळाडू एरवी कधी लावणार नाही अशा रकमा लावू लागतो. या अवस्थेला पोकरच्या परिभाषेत ‘टिल्ट’ म्हणतात. गमावलेले भरून काढण्याच्या या धडपडीत झालेला तोटा पत्त्यांमुळे झालेल्या तोट्याहून बहुधा मोठा असतो. डॅनिएल कानेमन व आमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार सारख्याच रकमेच्या लाभापेक्षा हानी मनाला अधिक बोचते व हानीत असलेला माणूस अधिक जोखीम पत्करतो. पोकरच्या मेजावर याचा प्रत्यय नित्य येतो.

बहुसंख्य हौशी खेळाडूंचा छंद मर्यादेत राहतो. काहींचा राहत नाही. अमेरिकन मनोविकृतितज्ञ संघटनेने १९८० मध्ये विकृत जुगाराचा मनोविकारांच्या वर्गीकरणात समावेश केला व २०१३ मध्ये त्यास व्यसनांच्या गटात स्थान दिले. जुगाराच्या आहारी गेलेल्यांनी परस्परांस आधार देण्यासाठी काढलेली ‘गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस’ ही संघटना १९५७ पासून कार्यरत आहे. हरलेली रक्कम लपविणे, उसनवारी करणे, घरखर्चास हात लावणे व खेळ थांबविताच बेचैन होणे ही छंदाचे व्यसनात रूपांतर होत असल्याची लक्षणे होत. पोकरमध्ये एक विशेष धोका आहे. कौशल्याला येथे खरोखरच वाव असल्याने आपला तोटा हा तात्पुरता असून अभ्यासाने भरून निघेल, अशी समजूत खेळाडू दीर्घकाळ बाळगू शकतो. सोडतीच्या तिकिटाबाबत अशी समजूत फार टिकत नाही.

या समजुतीवरील सर्वांत साधा उपाय म्हणजे हिशेबाची वही होय. माणसाची स्मृती जिंकलेल्या रात्री उजळ ठेवते व हरलेल्या रात्री पुसट करते. दिनांक, तास, नेलेली व आणलेली रक्कम यांची नियमित नोंद ठेवल्यास आपण खरोखर कोठे आहोत, हे खेळाडूस कळते. दीर्घकालीन नोंदी ठेवल्यावर अनेकांस आपण तोट्यात असल्याचे आढळते. हा तोटा नाटकाच्या तिकिटाप्रमाणे करमणुकीचे मूल्य म्हणून आधीच ठरविलेल्या मर्यादेत असेल, तर तो छंदाचा खर्च होय. ती मर्यादा ओलांडली गेली, की तो छंद राहत नाही. मेजावरील रकमेपलीकडे कोणी काही लावू नये, हा जुन्या घरगुती बैठकांचा नियम याच विवेकावर आधारलेला होता.